पहिला पेला कबरींना

ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्लीच्या पूर्वेला, ग्रॅनाइटच्या खडकाखाली आमची जुनी विहीर आहे. तिथे पाणी काढलं की पहिला पेला शेजारच्या कबरींना घालायचा, मगच आपण प्यायचं. सोनं शोधायला आलेली आणि विहिरीपर्यंत रांगत पोचायच्या आधीच तहानेनं मेलेली माणसं ती. मी खाणीवर पाण्याचे नमुने तपासते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी पेला घालते. रीत म्हणजे रीत.

माझा धाकटा भाऊ क्लेम याला असल्या गोष्टींना वेळ नव्हता. यंदा मेंढ्यांची टाकी आटली, तेव्हा त्यानं विहिरीवर पंप बसवला आणि नळीला तोंड लावून पोटभर प्यायला. मी हटकलं तर हसला. "विन, मढ्याला का कधी तहान लागते?"

त्याच संध्याकाळी त्याची तहान सुरू झाली. किटली संपली, बादली संपली. आठवडाभरात ओठांना भेगा पडल्या, जीभ काळी पडली. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, साखर तपासली, सगळं ठीक. सलाइन लावलं, तरी कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. हा असाच सुकत गेला तर रविवार बघणार नाही, असं त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. मला रडू आवरेना.

मी जाऊन पंप काढून टाकला. दोरीनं पाणी शेंदून एकेका कबरीला पेला घातला. लाल माती नुसती ओली झाली. शेवटच्या कबरीपाशी पेला निसटला आणि थोडं पाणी कडेच्या मोकळ्या जमिनीवर सांडलं.

तिथे कोणी पुरलेलं नाही.

ती जमीन घटाघटा प्यायली. मी तो आवाज ऐकला. आणखी ओतलं.

घरी आले तर क्लेम उठून बसलेला. "भागली गं," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून त्यानं पाण्याला तोंड लावलेलं नाही. चहा नाही, बिअरही नाही. तब्येत ठणठणीत. मेंढ्या राखतो, माझी टिंगल करतो. मी रोज त्या मोकळ्या जागी पाणी घालते आणि कोणाला सांगत नाही. त्यालाही नाही.

काल विहिरीची दोरी तुटली, म्हणून घरच्या टाकीतलं पाणी कॅनमधून नेऊन घातलं.

परतले तेव्हा तो कुंपणाची तार ओढत होता. मान वर न करता म्हणाला, "आज टाकीचं पाजलंस का, विन? पत्र्याची चव येतेय."