मुत्तीची हाक

वेळ अमावस्येच्या रात्री आंबिलीचं मडकं रिकामं झालं होतं. शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढच्या जाळात महांतप्पांनी दोन तुराट्या सारल्या आणि घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढली. पोरं सरकून जवळ आली.

"मांजराचं कुठं भूत असतंय व्हय, काका?" कैवल्य हसला. "मग उंदराचं बी सांगा एखादं."

"हस, हस. पण उद्या मुरुमला शिवप्रसाद टेलरला इचार जा. माझ्या समोरच्या घरातला माणूस. गेल्या साली ह्याच येळवशीच्या राती घडलेलं हाय." महांतप्पा सांगू लागले.

शिवप्रसाद त्या दिवशी माकणीला, सासरवाडीच्या शेतात गेला होता. सगळी माणसं येळवस जेवायला जमली होती. हा मात्र एका कामाला गेला होता. त्याला मांजराचं पिल्लू आणायचं होतं.

त्याच्या लेकीची, अक्षराची, मांजर त्याच आठवड्यात उसाच्या ट्रॅक्टरखाली गेली होती. पांढरीशुभ्र, म्हणून नाव मुत्ती. कन्नडात मुत्तू म्हणजे मोती. वर्षाचीही नव्हती. पहिल्यांदाच गाभण होती. अक्षरानं दुकानातल्या चिंध्या गोळा करून टोपलीत तिच्या बाळंतपणाची तयारी करून ठेवली होती.

शिवप्रसादनं तिला गावाबाहेर, रस्त्याकडेच्या आपल्या वावरात पुरलं. अक्षरानं तिच्या कपाळाला इभूत लावली. शिवप्रसादची आई इरम्मा ओच्यात राळे घेऊन आली होती. पोटुशी बाई गेली की तिची अळवंत होते, लेकरासाठी घराकडं येते, असं जुन्या बायका मानतात. म्हणून पुरल्या जागेपासून दारापर्यंत राळे टाकत यायचे. ती दाणे वेचत बसते, दारापर्यंत पोचत नाही.

"अव्वा, मांजराला कुणी राळं टाकतंय का? लोक हसतील की," शिवप्रसाद म्हणाला.

इरम्मा ओचा तसाच धरून घरी आली. राळे पुन्हा डब्यात ओतले.

तेव्हापासून अक्षराचं जेवण तुटलं. भाकरीचा तुकडा मोडायची आणि दाराकडं बघत बसायची. शिवप्रसादचंही मशिनीवर चित्त लागेना. एकच शिवण घालायचा, उसवायचा, परत घालायचा. येळवशीलाही पोरगी घराबाहेर पडली नाही. आजीपाशीच राहिली.

सासऱ्याच्या शेतात एकच पिल्लू उरलं होतं. आईला कुत्र्यांनी मारलेलं. डोळे नुकते उघडलेले. शिवप्रसादची बायको शिवप्रिया म्हणाली, "मी येते उद्याच्या एसटीनं. तुम्ही हे घेऊन व्हा पुढं. पोरगी दोन घास तरी खाईल."

दिवस मावळल्यावर तो निघाला. पिल्लू स्वेटरच्या आत, छातीशी. सगळी माणसं शेतात, रस्ता मोकळा. लांब वावरातून येळवशीच्या रिवाजाप्रमाणे पेटत्या पेंढ्या घेऊन पोरं पळताना दिसत होती. लोहारा गाव मागं पडलं. पिल्लू सारखं ओरडत होतं. आणि मुरुम जवळ आलं तसं एकदम गप्प झालं.

मेलं का काय? शिवप्रसादनं गाडी थांबवली, बंद केली. स्वेटरमध्ये हात घातला. पिल्लू जिवंत होतं. कान टवकारून बसलं होतं.

मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. उजव्या हाताला त्याचंच वावर होतं.

आणि वावरातून आवाज आला. ओरडणं नव्हे. मांजर पिल्लांना बोलावताना घशातल्या घशात घुमवते, तो आवाज. थांबून... पुन्हा. मुत्तीच्या गळ्यातून तो कधी निघालाच नव्हता. तिला पिल्लं झालीच नव्हती.

स्वेटरमधून पिल्लानं उत्तर दिलं.

शिवप्रसादनं किक मारली ती थेट दारात येऊन थांबला.

अक्षरानं पिल्लू पाहिलं आणि तोंड फिरवलं. "ही मुत्ती न्हाय."

इरम्मानं दूध कोमट करून वाटीत ओतलं, कापसाची वात बुडवून पिल्लाच्या तोंडाला लावली. पिल्लानं मान फिरवली. पुन्हा लावली. पुन्हा फिरवली. हळूहळू त्याची मान खाली पडू लागली.

"सकाळ बघत न्हाय हे," इरम्मा लेकाच्या कानात म्हणाली. "पोरीसमोर दुसरं मरण नको. गोठ्यात ठेव."

शिवप्रसादला ते जमेना. त्यानं पिल्लू चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं. दार लावलं. पडला. उठला. पाणी प्याला. टोपलीत हात घालून पाहिलं. पुन्हा पडला.

आणि पत्र्यावर काहीतरी उतरलं.

हलकं. चार पावलं... थांबलं. मग ओट्यावर. मग दारापाशी.

तोच आवाज. घशातला.

"उघडू नको," इरम्मा अंधारातून म्हणाली. "न्यायला आलीय ती त्येला."

"मंग काय व्हतंय?" कैवल्यनं विचारलं. आता तो हसत नव्हता. महांतप्पांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

अक्षरा उठून बसली होती. कधीची जागी होती, कोण जाणे.

"आप्पा... मुत्ती हाय."

तिनं पांघरूण बाजूला सारलं.

"आत घ्या की तिला. बाहेर लई थंडी हाय."

शिवप्रसाद उभा राहिला. उघडावं तर पिल्लू जाईल. न उघडावं तरी जाणारच. टोपलीतून आता श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

त्यानं कडी काढली. दार बोटभर लोटलं.

गार वारा पायांवरून आत गेला.

दिसलं काहीच नाही. टोपलीतल्या चिंध्या खसखसल्या. मग... चुक चुक... चुक चुक. आणि त्याखाली एक घरघर. संथ. तिघंही होती त्या जागीच राहिली. कुणाला दिवा लावायचा धीर झाला नाही.

कधी थांबलं ते कळलं नाही. झुंजुमुंजू झालं. दार बोटभरच उघडं होतं. वाटीतल्या दुधावर जाड साय धरली होती, तशीच. वात वाळून कडक.

टोपलीत पिल्लू उताणं पडलं होतं. पोट तट्ट फुगलेलं. अक्षरानं बोट लावलं तसे त्यानं पाय झाडले आणि झोपेतच कूस बदलली.

तिनं त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. "आज्जी," ती म्हणाली, "मला भाकर दे."

इरम्मा डोळे पुसत उठली. अक्षरा पिल्लाचं तोंड पुसू लागली आणि थांबली.

तिनं बोट बापापुढं धरलं. बोटावर दुधाचा थेंब होता.

शिवप्रसादनं हात लावला. थेंब कोमट होता.

चूल अजून पेटायची होती.