पुसलेलं दार

साळूबाई गारखेड्याला निघाली ती चित्र बघायला. चित्र तिच्या मेलेल्या लेकीचं, रूपाचं होतं.

सोमनाथशेठच्या गोदामात केळी पिकवायच्या खोल्या होत्या. गॅस सोडण्याआधी दार ठोकून हाक मारायची, ‘आत कोन हाय का?’, मगच बाहेरून कडी लावायची, ही तिथली रीत. त्या दिवशी शेठला गाडी भरायची घाई. रीत राहिली आणि तिथं कामाला असलेली रूपाही आतच राहिली. कागदोपत्री मात्र ती घरी, झोपेत वारली. शेठ शिस्तीचा माणूस. मरणसुद्धा उचलून योग्य जागी नेऊन ठेवलं.

साळूबाईच्या गल्लीतल्या चित्रकार इंद्रजीतनं ते दार चित्रात रंगवलं. बाहेरून कडी, आणि फटीतून दिसणारा रूपाचा डोळा. "मावशी, बाजाराच्या तोंडाशी लावतो. सगळा गाव बघंल," असं रूपाच्या फोटोपुढं बोलला होता. दुसरा साक्षीदार नव्हताच.

आता ते चित्र गारखेड्यात, शेठच्या नव्या ऑफिसात टांगलं होतं. त्यात दार नव्हतं, कडी नव्हती. केळीचा घड घेऊन रूपा हसत होती. चित्राखाली खुद्द इंद्रजीत उभा, गळ्यात हार घालून पेढा खात होता.

"दार कुठंय रं?"

"मावशी... शेठ म्हणले, ऑफिसात दुःख बरं दिसत नाय. पुसलं."

"बसा साळूबाई, चहा घ्या," शेठ म्हणाला. एवढं गोड तर तो गिऱ्हाइकाशीही बोलत नसे.

साळूबाई बसली नाही. चित्राजवळ गेली आणि जिथं दार होतं तिथं बोटांनी ठोकलं.

"आत कोन हाय का?"

पंखा तेवढा फिरत होता. मग त्या ताणलेल्या कापडातून, जाड लाकडावर ठोकल्यावर यावा तसा आवाज आला. ठक... ठक... पिकल्या केळ्यांचा गोडूस वास खोलीभर दाटला. शेठचा चहा बशीत सांडला.

"मावशी, तिथं दार नाय आता..." इंद्रजीत पुटपुटला. "मी पुसलंय..."

"तू पुसलंस. पर तिला कुनी सांगितलं का?"

आवाज थांबला. शेठनं चित्र उतरवायला लावलं. मागं नुसती कोरडी भिंत. इंद्रजीत मात्र चित्रातल्या रूपाच्या हातांकडं बघत राहिला. त्या नखांना त्यानं हौसेनं लाल नेलपॉलिश रंगवलं होतं. आता ती सगळी नखं मुळापासून तुटलेली होती.

"हे... मी नाय काढलं."

साळूबाईला ते ठाऊक होतं. रूपाला शेवटची आंघोळ तिनं एकटीनं घातली होती, आणि नखांचं तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.