परवा, कोठीचं हँडल

एक वीट. सोमवारच्या वर्तमानपत्रावर, कोपऱ्यात, नीट ठेवलेली.

पांढऱ्या दारावर लाल शाईची रेघ. नखाएवढी.

एक पेचकस. टोकाला ओला वाटावा इतका ताजा निळा रंग.

"घरमालकीण व्हायचंय म्हणे! आधी स्वतःच्या नळाचा वायसर बदलून दाखवा, वहिनी." हे दीर म्हणाला होता. सहा महिन्यांपूर्वी, जेवता जेवता.

कोंडलेला माणूस पहिल्या तासात वाट्टेल तसं दार बडवतो. दुसऱ्या दिवशी मोजून बडवतो.

*

बुधवारी सकाळी आठला ठाण्यात फोन आला. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण कोठीत बेशुद्ध सापडली होती. फोन घरमालकिणीचा.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा रुग्णवाहिका निघून गेली होती. भाडेकरीण एकटी राहायची, छापखान्याची प्रूफं तपासायची. दोन दिवस पाण्याशिवाय काढले होते तिने. जगेल, असं डॉक्टर म्हणाले. पण ठामपणे म्हणाले नाहीत.

कोठी म्हणजे पेटीच. खिडकी नाही. दार स्प्रिंगचं, आपोआप बंद होणारं. आतलं हँडल निखळून भाडेकरणीच्या मुठीत आलेलं. बोटं सोडवून ते काढावं लागलं होतं. त्याच्या स्क्रूचे आटे झिजलेले. बाहेर, उंबऱ्याशी, तो पेचकस.

"हा कुणाचा?"

"भावजींचा," घरमालकीण म्हणाली. "ते सुतार आहेत. खाली मागच्या बाजूला त्यांचा कारखाना."

"त्यांचं इथे काय काम?"

"हँडल ढिलं होतं. दुरुस्तीला सांगितलं होतं मी. सोमवारी आले असतील. बसवायचं सोडून काढूनच ठेवलं."

"का?"

"त्यांना ही जागा गोदामाला हवी, मॅडम. मी भाडेकरू ठेवला. अट अशी की सहा महिन्यांत काही भानगड झाली, तर जागा त्यांची. येत्या रविवारी सहा महिने भरतात."

ती हे सांगताना दाराला पाठ लावून उभी होती. दुसरीकडे उभं राहायला जागाही नव्हती.

*

सुतार ठाण्याच्या बाकावर अंग चोरून बसला.

"सोमवारी वर गेला होतात?"

"नाही."

"वहिनींनी हँडलचं सांगितलं होतं?"

"मला? वहिनी मला पाणीसुद्धा मागत नाहीत, मॅडम. मी काहीतरी लागट बोलेन म्हणून. बोलतोच म्हणा."

"बाई आतून ओरडत होत्या. ऐकू नाही आलं?"

"नऊ ते सहा करवत चालते. नंतर मागे कुणी नसतं. कोठी बरोबर वर आहे." मग हळूच, "माझ्यामुळेच ऐकू गेलं नाही का कुणाला?"

"पेचकस तुमचाच?"

"माझाच. पण तो मंगळवारी माझ्या हातात होता! दातांच्या डॉक्टरांकडे निळं कपाट बसवलं. संध्याकाळी सातला. विचारा त्यांना."

विचारलं. डॉक्टरांनी कपाटही दाखवलं. रंग अजून हाताला लागत होता.

*

दुपारी भाडेकरीण शुद्धीवर आली. ओरडून घसा बसला होता, आवाज नव्हता. फौजदारबाईंनी कागद पुढे केला. तिने लिहिलं:

"परवा झालं होतं ना ते?"

"काय झालं होतं?"

पेन हातातून गळलं. ती पुन्हा झोपली.

फौजदारबाई परत कोठीशी गेल्या. दाराच्या बाहेरच्या बाजूवर डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टीचे चार ठसे होते. मधला चौकोन रिकामा. लाल रेघ त्या चौकोनाच्या काठावरून बाहेर सांडलेली.

*

"बसा," फौजदारबाई म्हणाल्या. एका बाजूला घरमालकीण, दुसऱ्या बाजूला सुतार.

"बाईंना कुणी ढकललं असतं, तर वीट कुठेतरी उडाली असती. ही वीट त्या रोज दारात अडकवायच्या, हँडल ढिलं म्हणून. ती त्यांनी स्वतः उचलली, सोमवारचा पेपर खाली घातला, कोपऱ्यात ठेवली. म्हणजे सोमवारी त्यांची खात्री होती की हँडल दुरुस्त झालंय. तशी खात्री कशाने झाली?"

उत्तर फौजदारबाईंनीच दिलं.

"चिठ्ठीने. बाई शनिवारी गावाला गेल्या, सोमवारी सकाळी परतल्या. दारावर चिठ्ठी होती. प्रूफं तपासणारी बाई. तिने सवयीने लाल पेनाने शुद्धलेखन सुधारलं. रेघ कागदाबाहेर गेली. चिठ्ठी कुठे आहे, मालकीणबाई?"

घरमालकिणीने पाकीट उघडलं. चार घड्या घातलेला कागद.

*परवा. कोठीचं हॅन्डल.*

'न्'वर काट, वर लाल अनुस्वार.

"तुम्ही शनिवारी लिहिलंत, सोमवारी दुरुस्त होईल म्हणून," फौजदारबाई म्हणाल्या. "त्यांनी सोमवारी वाचलं, शनिवारी दुरुस्त झालं म्हणून. पुढचा परवा आणि मागचा परवा. क्रियापद लिहायचं राहिलं."

"घाईत होते. आणि भावजींना सांगायचं टाळतच राहिले..."

"ती चूक झाली. पुढची चूक नव्हे. हँडल बाईंच्या हातात निघालं, पेचकसाने नाही. आणि मंगळवारी सातपर्यंत पेचकस डॉक्टरांकडे होता. तो वर कधी आला? आज सकाळी दारात दोन दिवसांचे पेपर पाहून तुम्ही आत गेलात. बाई पडलेल्या. तुम्ही आधी चिठ्ठी काढलीत. मग जिना उतरून कारखान्यातून पेचकस आणलात. मग फोन केलात."

सुतार वहिनीकडे बघत राहिला. "मला अडकवलंत?"

"तुम्ही जागा घेतली असती, भावजी." तिचा आवाज सपाट होता. "या घरात दार लावून बसता येईल अशी माझी एवढीच एक जागा. ती गेली असती तर मी कुठे..."

"किती मिनिटं लागली खाली जाऊन यायला?" फौजदारबाईंनी विचारलं.

"सात. आठ असतील."

"तेवढा वेळ त्यांचा श्वास चालू होता. तुम्हाला ऐकू येत होता?"

घरमालकिणीने मान हलवली. होकाराची.

शनिवारी सुताराला दिवसभर काम नव्हतं. फक्त सांगायचं होतं.