उसनं पीस

"पक्षी देणार नाही. मला तुरुंगात घाला. ती सोबत येईल," हेस्टर ग्रीव्ह म्हणाली.

हवालदार मॉग दारातच थबकला. हेस्टरच्या हातमोज्यावर बसलेली टॅन्सी, म्हणजे बहिरी ससाण्याची मादी, त्याच्या नाकाकडे टक लावून पाहत होती. त्या नाकाबद्दल तिचे विचार फारसे अहिंसक नसावेत.

खासगी तपासनीस बार्नबी स्केल्टन नॉर्फोकच्या या माळावर आला होता तो हेस्टरनं बोलावलं म्हणून. त्याचे मित्र प्राध्यापक लिल न बोलावताच आले होते. पिसांसाठी जुन्या इंग्रजीत कोणकोणते शब्द होते, ते गोळा करण्याचा त्यांना छंद होता. प्रत्यक्ष पक्षी मात्र ते ताटात आला तरच ओळखत.

माळाचे मालक सर हंफ्री डेलाफील्ड यांची तक्रार सरळ होती. जानेवारीत त्यांची ससाणी चोरीला गेली, टॅन्सी तीच. आता ऑक्टोबर होता. शनिवारी ससाण्यांची स्पर्धा होती आणि तिथे प्रथमच एक बाई, म्हणजे हेस्टर, उतरणार होती. चोरी नेमकी याच आठवड्यात सरांच्या लक्षात यावी, हा योगायोग त्यांना स्वतःला मुळीच खटकत नव्हता.

"तू आणलीस कुठून हिला?" स्केल्टननं विचारलं.

"मार्चमध्ये घेतली, हॉलंडच्या पारध्याकडून. तो पुढे वारला. आता साक्ष द्यायला कुणी नाही, हे साहेबांना बरोब्बर माहीत आहे."

"शेपटी बघा!" मॉगच्या मागून सर हंफ्री गरजले. "माझ्या ससाणीचं मधलं पीस मोडलं होतं. माझ्या ससाणेवाल्या नोआनं जानेवारीतच त्याला तुकडा जोडला. तो जोड अजून दिसतोय!"

"शेपटी गाईला असते, साहेब," हेस्टर म्हणाली. "ससाणेवाल्यांच्या भाषेत ती ट्रेन. आणि पंख म्हणजे शिडं. निदान चोरीचा माल तरी नीट सांगा."

"आणि तुकडा जोडणं म्हणजे इम्प करणं!" लिल खुलले. "फार जुना शब्द!"

"जानेवारीत रंग कोणता होता तिचा?" स्केल्टननं मध्येच विचारलं.

"तपकिरी. पहिल्या वर्षाची होती ना. म्हणून तुकडाही तपकिरीच लावला."

स्केल्टन वाकला. टॅन्सी आता पाटीसारखी निळसर राखाडी होती. शेपटीतलं मधलं पीस मुळाकडे तसंच निळसर आणि टोकाकडे तपकिरी होतं. जोड सुबक होता.

"संपलंच की," लिल हळहळले.

सरांचा ससाणेवाला नोआ ग्राइस पक्ष्यांच्या कोठीत झाडत होता.

"जोड तुझा?" स्केल्टननं विचारलं.

"या माळावर दुसऱ्या कुणाला जमतो?"

"कधीचा?"

"साहेब म्हणतात तेव्हाचा."

"टॅन्सी अलीकडे तुझ्या हातात होती?"

नोआचा झाडू थांबला. "गेल्या आठवड्यात हेस्टर तापानं पडली होती. दोन दिवस सांभाळली. शेजारी आहोत आम्ही."

लिल कोठी न्याहाळत होते. "हिला म्यूज म्हणतात बरं का. लंडनमध्ये आता असल्या ठिकाणी मोटारी ठेवतात. मूळ शब्द म्यू, म्हणजे पिसं गाळणं. ससाणे उन्हाळाभर इथे बसून जुनी पिसं टाकायचे."

"प्रोफेसर, तुम्ही प्रकरण सोडवलंत."

"मी? कोणतं?"

संध्याकाळी हेस्टरच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. चहा सर हंफ्रींना सोडून सगळ्यांना मिळाला.

"सर, तुमची ससाणी जानेवारीत तपकिरी होती," स्केल्टन म्हणाला. "ही निळसर आहे, कारण उन्हाळ्यात हिनं पिसं बदलली. जोडलेलं पीस काही वेगळं नसतं. तेही बुंध्यासकट गळतं आणि जागी अख्खं नवं येतं."

"एखादं राहतं मागे!"

"राहतं ना. पण मग त्याचा बुंधाही तपकिरीच राहिला असता. इथे बुंधा निळा आहे. जानेवारीत असं पीस या पक्ष्याच्या अंगावर असूच शकत नव्हतं. म्हणजे नवं पीस पूर्ण वाढल्यावर कुणीतरी ते कापलं आणि त्याला जुना तपकिरी तुकडा जोडला. हे काम जमणारा माणूस एकच. गेल्या आठवड्यात दोन दिवस पक्षी त्याच्याकडेच होता."

सगळ्यांनी नोआकडे पाहिलं.

"मी राहतो ते घर साहेबांचं आहे, हेस्टर," नोआ पुटपुटला. "बाहेर काढतो म्हणाले. मी सांगितलं होतं, रंगावरून कळेल. तर म्हणे, पिसं कोण बघतो!"

"म्हणून माझ्या पोरीचं पीस कापलंस? माझा चहा पिऊन?"

नोआनं कप खाली ठेवला.

सर हंफ्री टोपी शोधू लागले. "एका पिसासाठी एवढा तमाशा!"

हवालदार मॉगनं टोपी शोधून दिली, पण दारातून हलला नाही. "खोट्या तक्रारीबद्दल जरा बोलायचं होतं, सर."

"ते तपकिरी टोक काढून टाकू का?" नोआनं खालमानेनं विचारलं.

"हात लावशील तर बघ!" हेस्टर उठली. टॅन्सीनं पंख, म्हणजे शिडं, पसरली. "शनिवारी अख्ख्या माळाला दिसू दे. आम्ही जिंकलो की एका पिसाचं श्रेय साहेबांचं."

मग ती सर हंफ्रींकडे वळली.

"आणि काळजी नको, साहेब. पुढच्या उन्हाळ्यात गळलं की धुऊन परत पाठवते."