नऊ तास दहा मिनिटं

आमच्या ऑफिसात एकच काम चालायचं: दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ तक्त्यात भरायचा. आकडा संगणक देई. तरी साहेब पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून तो पडताळत. "यंत्र चुकतं, दोरा चुकत नाही," हे त्यांचं पालुपद. मापाचे दोरे खिळ्यांना टांगलेले असत. त्यातला एक माझ्या ओळखीचा होता, आमच्या शहरापासून दादाच्या शहरापर्यंतचा. सात हजार तीनशे किलोमीटर, नऊ तास दहा मिनिटं.

दादा सहा वर्षांत एकदाही आला नव्हता. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा औषधं, अंग पुसणं, कूस बदलणं सगळं माझ्या गळ्यात पडलं. त्याच्या वाट्याला रविवारचा फोन. "खूप लांब पडतं गं," म्हणायचा.

"किती तास लागतात त्याला?" एकदा आईने विचारलं.

नऊ म्हटलं असतं, तर पोरगा सकाळी निघून संध्याकाळी उशाशी बसू शकतो हे तिला कळलं असतं. मी म्हटलं, "चौदा."

"बाई बाई! मग कसा येणार तो!" ती म्हणाली आणि निवांत झोपली.

दुसऱ्या दिवशी तक्त्यात चौदा तास होते. कुणाची तरी चूक म्हणून मी आकडा सुधारला. दुपारी पुन्हा चौदा. साहेबांनी दोरा काढून गोलावर धरला. तो दादाच्या शहराच्या चार बोटं अलीकडेच संपला.

"आखडला वाटतं," साहेब म्हणाले. हसले मात्र नाहीत.

मग महिनाभर दादाने फोनही केला नाही. आईने पुन्हा तेच विचारलं. माझं डोकं फिरलेलं होतं. "सव्वीस," मी म्हटलं. या वेळी तिची समजूत घालायची नव्हती. तो न आलेलाच बरा, असं मला मनापासून वाटलं होतं.

सकाळी तक्त्यात सव्वीस होते. साहेबांनी दोऱ्याला हातच लावला नाही. गोलावर फडकं टाकलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "एखादा दिवस. बोलावून घ्या कुणाला बोलवायचं ते."

दादा खरंच निघाला. विमानात बसल्यावर मेसेज आला: 'बघ, सव्वीस तास. म्हणायचो ना, लांब पडतं.'

मी आईच्या कानाशी वाकले. "आई, नऊच तास गं. मी खोटं बोलले होते."

"उगाच समजूत नको घालूस." तिने माझा हात थोपटला. "सव्वीस ना? थांबते मी."

ती एकवीस तास थांबली.

उजाडता उजाडता गेली. मी तिचे डोळे मिटले, हनुवटीपर्यंत चादर ओढली आणि स्वयंपाकघरात येऊन बसले.

फोन वाजला. दादाचा मेसेज: 'पाच तास राहिलेत. आई कशी आहे?'

खरं लिहायला बोट उठेना. लिहिलं: 'जागी आहे. तुझी वाट बघतेय.'

'हुश्श,' त्याचं उत्तर आलं. 'आता जरा झोपतो.'

आतल्या खोलीत पलंग कुरकुरला.

"पाचच ना गं आता?" आईने विचारलं.