तोफगोळ्यांच्या खोलीतली हाक

"ताई, जहाज वाकडं झालंय!" लिंबू परवाच म्हणाली होती. "माझी गोटी ठेवली की आपोआप डावीकडे पळते!"

"गोटी नाही, तूच वाकडी आहेस. पळ!" घार पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

आणि आज दुपारी लिंबू सापडेना!

जुन्या युद्धनौकेच्या संग्रहालयात त्यांची आई तिकीट खिडकीवर बसायची, म्हणून तेरा वर्षांची घार, सहा वर्षांची लिंबू आणि आतेभाऊ फुगा यांची सगळी सुट्टी जहाजावरच जायची. आज तिघांच्या आवाजांऐवजी दोनच आवाज घुमत होते. "लिंबू! ए लिंबे!"

शेवटी सगळ्यात खालच्या मजल्यावर, तोफगोळ्यांच्या खोलीपाशी, फुग्याने कान टवकारले. टक... टक... पोलादी दारामागे कुणीतरी गोटी आपटत होतं! दोघांनी लोंबकळून दाराच्या लोखंडी मुठी फिरवल्या आणि दार उघडलं. लिंबू गोळ्यांच्या फळीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. ओरडून ओरडून घसा पार बसला होता.

"गोटी कुठे जाते ते बघायला आले," ती पुटपुटली. "तेवढ्यात कुणीतरी दार लावलं."

तिचे मोजे चिंब ओले होते. घारने ते पिळले आणि वास घेतला. खारं पाणी!

एव्हाना वर दंगा झाला होता. परीटघडीचा पांढरा गणवेश घातलेले व्यवस्थापक, म्हणजे पोरांचे 'इस्त्रीसाहेब', आईवर सगळ्यांदेखत कडाडत होते. "स्वतःची पोर सांभाळता येत नाही? तिनेच आतून दार ओढून घेतलं! उद्या मंडळाचे अध्यक्ष पाहणीला येताहेत. ही पोरं पुन्हा इथे दिसली, तर तुम्हीही दिसू नका!"

आई लिंबूचे थंडगार पाय पदरात गुंडाळून चोळत राहिली.

घारचं रक्त उसळलं. आतून? त्या दाराच्या आतल्या मुठी तर संग्रहालय झालं तेव्हाच काढून टाकल्या होत्या!

"फुग्या, याला सोडायचं नाही."

"मिरचीपूड?"

"छे! त्याचं खोटं त्याच्याच घशात घालायचं."

"पण आपल्याला बंदी आहे ना?"

"मग दिसायचं नाही. वेळ आली की मात्र दिसायचं!"

दुसऱ्या दिवशी फुगा जहाजावरच्या लहान बोटीच्या ताडपत्रीखाली दबा धरून बसला आणि थोड्या वेळाने धापा टाकत आला. "घारे, इस्त्री हातपंप घेऊन खाली गेलाय! तळाला गळती आहे. अध्यक्ष यायच्या आत पाणी उपसतोय!"

"आलेत की ते!"

अध्यक्ष म्हणजे याच जहाजाचे जुने कप्तान. काठी टेकत, प्रत्येक तोफेवर थाप मारत ते फिरत होते. घार सरळ पुढे झाली.

"कप्तान आजोबा, तोफगोळ्यांच्या खोलीचं दार कसं लावायचं, शिकवाल?"

"वा! चल की!"

लोखंडी जिन्यावर फुग्याने मुद्दाम धाडधाड पाय आपटले. खालचा पंपाचा खडखडाट एकदम थांबला. दार किलकिलं होतं. आत अंधार.

"आधी नियम ऐक," आजोबा म्हणाले. "दार लावण्यापूर्वी तीनदा हाक मारायची. उत्तर नाही आलं, तरच लावायचं. हा नियम मोडणाऱ्याला मी जहाजावर ठेवत नसे."

घारने छाती भरून श्वास घेतला. "आत कुणी आहे का?"

चिडीचूप.

"आत कुणी आहे का?"

पाणी चुळबुळलं. माणूस मात्र गप्प!

"शेवटचं विचारते हं! आत कुणी आहे का?"

पंपासकट पकडले जाण्यापेक्षा इस्त्रीसाहेबांनी गप्प राहणंच पसंत केलं.

"लाव," आजोबा म्हणाले.

धाड! घारने एकेक मूठ दात ओठ खात आवळली.

मग आतून दणादण बुक्के बसू लागले. "उघडा! मी आहे! व्यवस्थापक!"

"अरेच्चा!" घार फटीला तोंड लावून म्हणाली. "तुम्हीच आतून दार ओढून घेतलंत वाटतं!"

"मूर्ख मुली! आतून कसं ओढणार? आत मुठीच नाहीत!"

आजोबांच्या भुवया वर गेल्या. "मग काल ती धाकटी पोर आतून दार कसं ओढणार होती?" ते आल्या आल्या आईने तिकीट खिडकीपाशी त्यांना सगळं सांगितलं होतं, पण तिच्यावर विश्वास ठेवायचा की साहेबांवर, हे त्यांचं ठरत नव्हतं. आता ठरलं.

त्यांनी मुठीकडे हात नेला, पण घार जिन्याकडे वळली. बुक्के ऐकून खाली आलेल्या आईचा पदर धरून लिंबू तिथे उभी होती.

"लिंबे, उघडू?"

लिंबूने विचार केला. बसलेल्या घशाने म्हणाली, "थोडं थांब. मीही थांबले होते."

बुक्के चालूच होते. कुणी हललं नाही. आजोबासुद्धा!

"आता उघड," लिंबू म्हणाली.

इस्त्रीसाहेब गुडघ्यांपर्यंत भिजून, पंप कवटाळून बाहेर आले. इस्त्रीची पार वाट लागली होती.

"जहाज बुडत होतं आणि तुम्ही दार लावून झाकत होतात? तेही आत पोर असताना?" आजोबा गरजले. "किल्ल्या इथे ठेवा!" मग त्यांनी आईपुढे मान झुकवली. "तुमच्या मुलींनी माझं जहाज वाचवलं, बाई."

"मुलींनी आणि मी!" फुगा म्हणाला.

घारने मात्र लिंबूला कडेवर उचललं. "गळती पहिल्यांदा हिनेच पकडली. मीच ऐकलं नाही."

आजोबांनी आणि आईने टाळ्या वाजवल्या. लिंबूने गोटी खाली ठेवली. ती डावीकडे पळाली, आणि या वेळी सगळे तिच्या मागे गेले.

आणि तुमच्या घरातलं धाकटं? मघाशी काहीतरी सांगत होतं ना? आता एवढ्यात आवाज आलाय का त्याचा? पुस्तक ठेवा आणि एक हाक मारून या. उत्तर येईपर्यंत थांबा.