पाचवं जॅकेट

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. माझी मामेबहीण रेश्मा वरकुट्याला दिलेली. तिनं हे सगळं मला मान खाली घालून सांगितलं. एकदाही वर बघितलं नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. ठिकाण श्रीलंका. वेळ रात्रीची नव्हे, सकाळी अकराची. लख्ख ऊन.

रेश्माच्या घरी तिच्या नवऱ्याची, म्हणजे ज्ञानेशची आत्या राहायची. बनाबाई. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली. रेश्माची लेक तिच्याच मांडीवर वाढली.

डाळिंब पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची श्रीलंकेची सहल ठरली, तशी आत्याबाईंनी विचारलं, "समिंदर कसा असतोय गं?"

"तुम्हीच बघा की. चला," रेश्मा बोलून गेली.

पासपोर्टसुद्धा निघाला. फोटोसाठी म्हातारीनं नवं लुगडं नेसलं.

मग रेश्मानं सोबतच्यांची यादी बघितली. बारामतीच्या बंगलेवाल्या बायका. त्यांच्यात, हॉटेलच्या टेबलावर, ही मिश्रीनं काळे झालेले दात दाखवत मोठमोठ्यानं बोलणार...

"डॉक्टर नको म्हणालेत," रेश्मानं सांगितलं. "विमानात तुमचं बीपी चढेल."

डॉक्टरांना तिनं विचारलंही नव्हतं.

"व्हय का? मग ऱ्हाऊ दे बाई," आत्याबाई म्हणाल्या. आणि रेश्माच्या प्रवासासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसल्या.

सहलीच्या चौथ्या दिवशी नदीत राफ्टिंग होतं. एका होडीत चौघं. रेश्मा, ज्ञानेश, त्याचा मित्र इंद्रजित आणि इंद्रजितची बायको सुप्रिया. होडीवाल्यानं स्वतःचं जॅकेट आधीच घातलं होतं. चौघांसाठी त्यानं लाइफ जॅकेटं आणली.

पाच.

"एक ज्यादा है, भैया," इंद्रजित म्हणाला.

"अम्मा का," होडीवाला म्हणाला. पर्यटकांमुळं त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं.

त्यानं ते होडीच्या मधोमध ठेवलं. नुसतं ठेवलं नाही... वाकून, हळूच, त्याचे पट्टे बांधले. लहान मुलाला बांधावेत तसे.

"ह्यानं सकाळीच टाकलेली दिसतीय," इंद्रजित कुजबुजला. सगळे हसले. रेश्माही हसली.

होडी निघाली.

आणि वास आला...

मिश्रीचा. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा. भर नदीत.

"तुम्हाला वास येतोय?"

"कसला?" ज्ञानेशनं विचारलं.

"काही न्हाई," रेश्मा म्हणाली. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मग पाणी खवळलं. होडी कलली. सुप्रिया पाण्यात पडली, पाठोपाठ ज्ञानेश. ओढून वर घेईपर्यंत सगळेच नखशिखांत भिजले.

मधलं जॅकेट मात्र जागचं हललं नव्हतं.

ते कोरडं होतं...

आत कुणी बसावं तसं फुगलेलं. आणि सावकाश खालीवर होत होतं... श्वास घेतल्यासारखं.

पुढं संथ पाणी लागलं. होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. जॅकेटाकडं कान केला. मग रेश्माला म्हणाला,

"अम्मा पूछती है... समंदर कब आएगा?"

कुणीच हसलं नाही.

"कोण अम्मा?" ज्ञानेशनं विचारलं. "तुझ्याकडं बघून का बोलतोय हा?"

"वेडाय तो," रेश्मा म्हणाली. "मी कुणाला ओळखत न्हाई."

तिनं एवढं म्हटलं मात्र... जॅकेट खाली बसलं. हवा गेल्यासारखं.

घरी आले तर अंगणात बायका बसलेल्या. आत्याबाई गेल्या होत्या. राफ्टिंगच्या आदल्या दिवशी पहाटे. 'पोरांना कळवू नका, फिरू द्या त्यास्नी,' असं जाता जाता त्यांनीच बजावलेलं.

"रेश्मानं लई जीव लावला हो," एक शेजारीण म्हणाली. "न्हेणारच हुती. डॉक्टर आडवा आला."

रेश्माला ते सोसलं नाही. सगळ्यांसमोर तिनं सासऱ्यांचे पाय धरले.

"आबा, डॉक्टर काहीच म्हणाले नव्हते. मला आत्याबाईंची लाज वाटली होती."

सासऱ्यांनी, म्हणजे मोहनरावांनी, तिला उठवलं.

"ठावं हुतं तिला," ते म्हणाले. "सवता दवाखान्यात जाऊन इचारून आली हुती. डॉक्टर म्हणला, खुशाल जावा."

"मग मला का न्हाई बोलल्या?"

"मला म्हणली, पोरीला सांगू नगं. शरमंल."

त्यानंतर घरात काहीच झालेलं नाही. वास नाही, आवाज नाही. आत्याबाईंनी एकदा येऊन रागवावं, म्हणून रेश्मा वाट बघते. त्या येत नाहीत.

मला भीती वाटते ती वेगळीच...

त्या दिवशी नदीचा काठ आला तेव्हा चौघंही घाईनं खाली उतरले. रेश्मानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

आत्याबाई उतरल्या का, की अजून त्या होडीतच बसून आहेत... ते कुणालाच ठाऊक नाही.